एक शाळा, एक अरण्य

प्रशांत महासागराच्या दक्षिण भागात सामोआ नावाचा एक लहानसा द्वीपदेश आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे २,८०० चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या सुमारे २ लाख आहे. सवाई हे या देशातील सर्वांत मोठे बेट होय. ज्वालामुखीच्या उद्रेकांतून निर्माण झालेल्या या बेटाच्या अगदी पश्चिम टोकाला फालेआलुपो हे गाव वसलेले आहे. मृतांचे आत्मे याच टोकावरून परलोकी प्रयाण करतात, अशी सामोअन लोकांची परंपरागत समजूत आहे. डिसेंबर २०११ मध्ये सामोआने आपल्या देशाजवळून जाणारी आंतरराष्ट्रीय वाररेषा बदलून घेतली. तोपर्यंत प्रत्येक दिवसाचा मावळता सूर्य जगात सर्वांत शेवटी पाहणाऱ्या गावांमध्ये फालेआलुपोची गणना होत असे.

जगाच्या दृष्टीने आडबाजूला असलेल्या या गावाने १९८८-८९ या काळात एक निर्णय घेतला. शाळा हवी तर अरण्य द्यावे लागेल, अशी त्याची कोंडी झाली होती. त्या कोंडीतून जी वाट निघाली, तिचा अभ्यास आज निसर्गसंरक्षणाच्या क्षेत्रात जगभर केला जातो. शिक्षण आणि वनसंरक्षण या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतात की एकमेकींना आधार देतात, हा प्रश्न समजून घेण्यासाठी फालेआलुपोची कथा फार उपयोगी आहे.

गाव आणि त्याचे अरण्य

सामोआतील बहुतांश जमीन परंपरागत सामूहिक मालकीची आहे. ती कोणा एका व्यक्तीची नसते, कुटुंबसमूहाची असते. प्रत्येक कुटुंबसमूहाचा एक प्रमुख असतो. त्याला ‘मताई’ म्हणतात. गावातील सर्व मताई एकत्र बसून ज्या सभेत निर्णय घेतात, त्या सभेला ‘फोनो’ असे नाव आहे. जमिनीचा वापर, भांडणतंटे, सण-समारंभ, गावाची शिस्त या सर्व बाबतींत फोनोचा शब्द प्रमाण मानला जातो. सामोआ १९६२ साली स्वतंत्र झाला. त्या वेळी अमलात आलेल्या राज्यघटनेनेही या सामूहिक जमिनीला संरक्षण दिले. अशी जमीन भाडेपट्ट्याने देता येते, मात्र विकता येत नाही.

फालेआलुपो गावाच्या ताब्यात सुमारे ३०,००० एकर, म्हणजे जवळजवळ १२,००० हेक्टर वर्षावन होते. बेटावरील सखल प्रदेशातील अरण्याचा मोठा भाग लाकूडतोडीमुळे आणि शेतीसाठी केलेल्या साफसफाईमुळे तोवर नाहीसा झाला होता. त्यामुळे या उरलेल्या अरण्याचे मोल अधिकच वाढले होते. घरांसाठी व होड्यांसाठी लाकूड, औषधांसाठी साली व पाने, दोरखंडांसाठी तंतू, खाण्यासाठी फळे अशा अनेक गरजा गावकरी याच अरण्यातून भागवीत. फळे खाणारी मोठी वटवाघळे या अरण्यात राहतात. ती फुलांचे परागीभवन करतात आणि बिया दूरवर पसरवतात. अशा बेटांवर हे काम करणारे प्राणी मोजकेच असतात. म्हणून वटवाघळे गेली तर अनेक वृक्षांची पुढची पिढीच धोक्यात येते, आणि वृक्ष गेले तर वटवाघळांना आसरा उरत नाही.

शाळेचा पेच

१९८८ साली सरकारी अधिकाऱ्यांनी फालेआलुपोला कळविले, की गावातील शाळेची इमारत योग्य दर्जाची नाही. गावाने नवी शाळा बांधावी. अन्यथा तेथील शिक्षक काढून घेतले जातील. सूचना थोडक्यात होती, परंतु तिचे परिणाम गंभीर होते. शिक्षक गेले असते, तर मुलांचे शिक्षण थांबले असते.

इमारत बांधण्यास पैसा हवा होता. गावकऱ्यांचा उदरनिर्वाह मासेमारी, नारळ आणि कंदमुळांची शेती यांवर चाले. त्यांच्या घरात अन्न होते. रोख रक्कम नव्हती. रोख पैसा देऊ शकेल अशी एकच वस्तू त्यांच्यापाशी होती. ती म्हणजे अरण्यातील लाकूड. लाकूडतोड करणाऱ्या कंपन्यांची नजर त्या अरण्यावर होतीच. अखेर गावाच्या प्रमुखांनी जड अंतःकरणाने वृक्षतोडीचे हक्क देण्याचे मान्य केले आणि यंत्रे अरण्यात शिरली.

येथे एक गोष्ट ध्यानात घेणे आवश्यक आहे. अरण्य तोडण्यास संमती देणारे हे लोक अरण्याचे शत्रू नव्हते. त्यांना त्याचे मोल ठाऊक नव्हते, असेही नाही. मुलांचे भवितव्य आणि पूर्वजांचा ठेवा यांपैकी एकाची निवड त्यांना करावी लागली आणि त्यांनी मुलांची निवड केली. जगातील अनेक अरण्ये अज्ञानामुळे किंवा लोभामुळे तुटली, असे सरसकट म्हटले जाते. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी शाळेची फी, आजारपणाचा खर्च, पिण्याच्या पाण्याची सोय अशा साध्या व न टाळता येणाऱ्या गरजाच कुऱ्हाडीमागे उभ्या असतात.

करार

त्या काळात पॉल ॲलन कॉक्स हे अमेरिकन लोकवनस्पतिशास्त्रज्ञ फालेआलुपोमध्ये संशोधन करीत होते. माणसे आपल्या परिसरातील वनस्पतींचा उपयोग कसा करतात, याचा अभ्यास म्हणजे लोकवनस्पतिशास्त्र. कॉक्स तरुणपणी धर्मप्रचारक म्हणून सामोआत राहिले होते आणि सामोअन भाषा त्यांना उत्तम येत होती. १९८४ साली त्यांच्या आईचे कर्करोगाने निधन झाले. त्यानंतर औषधी वनस्पतींच्या शोधात ते आपल्या कुटुंबासह या गावी येऊन राहिले होते.

वृक्षतोडीचे वृत्त कळताच कॉक्स यांनी गावाच्या प्रमुखांपुढे एक प्रस्ताव ठेवला. शाळेसाठी लागणारा पैसा आपण उभा करून देऊ. त्याच्या मोबदल्यात गावाने अरण्य राखावे. हा प्रस्ताव लगेच स्वीकारला गेला असे नाही. बाहेरून आलेली माणसे गोड बोलून जमीन बळकावतात, हा प्रशांत महासागरातील बेटांचा जुना अनुभव आहे. त्यामुळे प्रमुखांच्या मनात शंका येणे स्वाभाविक होते. फोनोमध्ये विचारविनिमय झाला आणि शेवटी प्रस्ताव मान्य करण्यात आला. गावाचे एक प्रमुख फुइओनो सेनिओ हे त्यानंतर हाती कोयता घेऊन अरण्यात गेले आणि त्यांनी यंत्रांचे काम थांबविले.

कॉक्स यांनी स्वतःवर जबाबदारी घेऊन, मित्र आणि देणगीदार यांच्या साहाय्याने निधी जमविला. १९८९ साली गाव आणि देणगीदार यांच्यात करार झाला. त्याचे स्वरूप थोडक्यात असे होते : शाळेचा खर्च देणगीतून भागविला जाईल. गाव ५० वर्षे अरण्याचे रक्षण करील आणि त्यात व्यापारी वृक्षतोड होऊ देणार नाही. औषधी वनस्पती गोळा करणे, होडीसाठी एखादा वृक्ष घेणे यांसारखे पारंपरिक उपयोग पूर्वीप्रमाणे चालू राहतील. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, जमिनीची मालकी गावाचीच राहील आणि रक्षणाची व्यवस्थाही गावच पाहील.

गावाने पुढे कॉक्स यांना ‘नाफानुआ’ ही मानाची उपाधी दिली. नाफानुआ ही सामोअन परंपरेतील युद्धदेवता असून तिचा संबंध फालेआलुपोशी जोडला जातो. १९९७ साली कॉक्स आणि फुइओनो सेनिओ या दोघांना पर्यावरणक्षेत्रातील प्रतिष्ठेचा गोल्डमन पुरस्कार देण्यात आला. शास्त्रज्ञाबरोबर गावाच्या प्रमुखाचाही सन्मान झाला, ही गोष्ट लक्षणीय आहे. निधी बाहेरून आला होता. परंतु राखण गावाने केली होती.

वादळाची कसोटी

करार झाल्यावर थोड्याच काळात त्याची कठोर परीक्षा झाली. फेब्रुवारी १९९० मध्ये ‘ओफा’ आणि डिसेंबर १९९१ मध्ये ‘व्हॅल’ अशी दोन भीषण चक्रीवादळे सामोआवर आदळली. फालेआलुपोच्या किनाऱ्यावरील वस्ती उद्ध्वस्त झाली. तेथील जुन्या चर्चचे भग्नावशेष आजही या आपत्तीची साक्ष देतात. अनेक कुटुंबे किनारा सोडून आतल्या उंच भागात राहावयास गेली. अरण्यातील असंख्य वृक्ष उन्मळून पडले किंवा पर्णहीन झाले. अन्नाच्या शोधात वटवाघळे वस्तीजवळ आली आणि त्यांतील बरीच शिकारीला बळी पडली. त्यांची संख्या कमालीची घटली.

अशा प्रसंगी कराराचा कागद कितपत टिकतो, हा प्रश्न होता. संकटात सापडलेल्या माणसाला दूरच्या हितापेक्षा आजची भाकरी जवळची वाटते. तरीही फालेआलुपोच्या लोकांनी आपला शब्द पाळला. मोडलेले अरण्य आपोआप सावरू लागते. मात्र त्यासाठी त्याला उसंत मिळावी लागते. उरलेले वृक्ष तोडले गेले असते, तर बियाणेही उरले नसते. करारामुळे ती उसंत मिळाली.

पुढे गावाने अरण्यात एका प्रचंड वटवृक्षाला जोडून उंचावरून चालण्याचा झुलता मार्ग उभारला. तो पाहण्यासाठी येणाऱ्या पर्यटकांकडून शुल्क घेतले जाऊ लागले. उभ्या अरण्यातूनही उत्पन्न मिळू शकते, हे यातून गावाला दिसून आले.

अरण्यातील ज्ञान

शाळा वाचविण्यासाठी अरण्य तोडले गेले असते, तर त्याबरोबर आणखी एक शाळा बंद पडली असती. ती म्हणजे अरण्यातच भरणारी परंपरागत ज्ञानाची शाळा. सामोआमध्ये वनौषधी जाणणाऱ्या वैद्यांना ‘ताउलासेआ’ म्हणतात. हे ज्ञान प्रामुख्याने स्त्रियांकडे असते आणि ते आईकडून मुलीकडे तोंडी चालत येते. फालेआलुपोमधील एपेनेसा माउइगोआ या अशाच एक जाणकार वैद्या होत्या. काविळीच्या विकारावर ‘ममाला’ नावाच्या झाडाची साल वापरतात, असे त्यांनी कॉक्स यांना सांगितले.

या सालीचे नमुने अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत तपासण्यात आले. त्यांत ‘प्रोस्ट्रॅटिन’ हे द्रव्य आढळले आणि ते एड्सच्या विषाणूवर परिणाम करते, असे १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखविण्यात आले. शरीरातील पेशींमध्ये सुप्तावस्थेत दडून बसलेल्या विषाणूला हे द्रव्य जागे करते. दडलेला विषाणू नेहमीच्या औषधांच्या कक्षेबाहेर असतो. तो जागा झाला तर त्याच्यावर उपचार करणे शक्य होईल, अशी शास्त्रज्ञांची अपेक्षा आहे. प्रोस्ट्रॅटिनपासून रुग्णांसाठी मान्यताप्राप्त औषध अजून तयार झालेले नाही. तरी या संशोधनाने एक नवा पायंडा पाडला. औषधातून पुढे नफा झाल्यास त्याचा २० टक्के वाटा सामोआला मिळावा, असा करार २००१ साली संबंधित संशोधन संस्थेने तेथील सरकारशी केला. २००४ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संशोधकांच्या कार्याबाबतही असाच करार झाला आणि त्यात सामोआला समान वाटा देण्याचे ठरले. ज्यांनी ज्ञान जपले, त्यांचाही त्याच्या फळावर हक्क आहे, हे तत्त्व या करारांनी मान्य केले.

ज्ञान केवळ पुस्तकात असते, असे मानणाऱ्यांना हा प्रसंग विचार करावयास लावणारा आहे. एका खेड्यातील वैद्येने सांगितलेली गोष्ट मोठ्या प्रयोगशाळेत तपासली गेली आणि ती मोलाची ठरली. शाळेतील शिक्षण आणि अनुभवातून आलेले शिक्षण यांची अशी भेट होते, तेव्हा दोन्हींची प्रतिष्ठा वाढते.

देवाणघेवाणीचे मर्म

फालेआलुपोच्या अनुभवावरून इतर ठिकाणीही असे प्रयत्न सुरू झाले. सवाई बेटावरीलच ताफुआ येथे १९९० साली स्वीडनमधील निसर्गप्रेमी संघटनेच्या साहाय्याने याच धर्तीवर संरक्षित वन निर्माण झाले. १९९१ साली कॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सीकॉलॉजी’ ही संस्था स्थापन केली. बेटावरील एखाद्या गावाला शाळा, दवाखाना, पाण्याची टाकी यांपैकी जे हवे असेल ते उभारण्यास मदत करावयाची आणि गावाने त्या मोबदल्यात आपले वन किंवा समुद्राचा काही भाग राखावयाचा, ही या संस्थेची कार्यपद्धती आहे. ६० हून अधिक देशांतील बेटांवर तिने असे उपक्रम केले आहेत.

ही पद्धत यशस्वी का होते, हे समजून घेण्यासाठी अरण्याचा नफा-तोटा कोणाच्या वाट्याला येतो, ते पाहिले पाहिजे. अरण्यामुळे हवा शुद्ध राहते, पाऊसपाणी टिकते, दुर्मीळ जीव वाचतात आणि औषधे सापडतात. हे लाभ साऱ्या जगाला मिळतात. अरण्य न तोडल्यामुळे होणारा तोटा मात्र त्याच्या काठी राहणाऱ्या गावालाच सोसावा लागतो. लाकडाचे पैसे त्याला मिळत नाहीत, नवी शेती काढता येत नाही. लाभ सर्वांचा आणि भार एकाचा, अशी ही विषम वाटणी आहे. गावाच्या शिक्षणाला मदत करणे म्हणजे त्या भाराचा काही भाग इतरांनी उचलणे होय. म्हणून याला दान म्हणण्यापेक्षा देणे फेडणे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

मोबदला म्हणून रोख रक्कम न देता शाळा दिली जाते, यालाही कारण आहे. रोख रक्कम वाटली तर ती लवकर संपते आणि वाटणीवरून तंटे होतात. शाळा सर्व घरांतील मुलांची असते. ती रोज डोळ्यांसमोर असते. आपण अरण्य का राखीत आहोत, याची आठवण तिची इमारत गावाला करून देत राहते. शिवाय शिकलेल्या मुलांपुढे उपजीविकेचे इतर मार्ग खुले होतात आणि केवळ लाकडावर अवलंबून राहण्याची वेळ कमी येते.

दुसरी बाजू

या पद्धतीची दुसरी बाजूही तपासली पाहिजे. पहिला आक्षेप मूलभूत आहे. शिक्षण हा प्रत्येक बालकाचा हक्क असेल, तर त्यासाठी अटी का घालाव्यात? शहरातील मुलांना शाळा मिळावी म्हणून शहराने काही गहाण ठेवावे, असे कोणी म्हणत नाही. मग अरण्यातील मुलांची शाळाच कराराचा विषय का व्हावी? हा आक्षेप रास्त आहे. फालेआलुपोची अडचण मुळात निर्माण झाली, ती शाळा बांधण्याचे ओझे गरीब गावावर टाकले गेले म्हणून. शासनाने आपले कर्तव्य वेळेवर केले असते, तर अरण्य पणाला लागले नसते. म्हणूनच असा करार शासनाच्या जबाबदारीची जागा घेऊ शकत नाही. पडक्या भिंतीला दिलेला तो टेकू असतो.

दुसरा आक्षेप सत्तेसंबंधी आहे. पैसा देणारा आणि घेणारा यांचे बळ समान नसते. गावाने कसे वागावे, हे दूरदेशीच्या संस्था ठरवू लागल्या, तर निसर्गरक्षणाच्या नावाखाली नवी गुलामी सुरू होते. कॉक्स आणि त्यांचे स्वीडिश सहकारी थॉमस एल्मक्विस्ट यांनी स्वतःच याला ‘पर्यावरणीय वसाहतवाद’ असे नाव देऊन त्याविरुद्ध इशारा दिला. अरण्याचे नियंत्रण गावाकडेच राहिले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

तिसरा प्रश्न गावाच्या अंतर्गत रचनेचा आहे. निर्णय गावाने घेतला असे म्हटले जाते, तेव्हा तो नेमका कोणी घेतला? सभेत ज्यांना स्थान नाही, अशा स्त्रिया, तरुण आणि गरीब कुटुंबे यांचे मत विचारले गेले काय? सरपणासाठी रोज अरण्यात जाणाऱ्या स्त्रीवर बंदीचा भार सर्वांत अधिक पडतो. तिच्या संमतीवाचून केलेला नियम फार काळ टिकत नाही. चौथी अडचण काळाची आहे. करार ५० वर्षांचा असतो. इमारत मात्र तितकी वर्षे डागडुजीवाचून उभी राहत नाही. छप्पर गळू लागले, शिक्षक येईनासे झाले, तर करार पाळण्याची प्रेरणाही गळून जाते. शाळा म्हणजे चार भिंती नव्हेत. शिक्षक, पुस्तके आणि नित्य चालणारे अध्यापन मिळून शाळा होते.

भारतातील अनुभव

गाव आणि वन यांच्यातील देवाणघेवाणीची कल्पना भारताला अपरिचित नाही. पश्चिम बंगालमधील मेदिनीपूर जिल्ह्यात अराबारी येथे १९७२ साली अजितकुमार बॅनर्जी या वनाधिकाऱ्यांनी एक प्रयोग सुरू केला. तेथील सालवन चराई आणि तोडीमुळे खुरटले होते. पहारे वाढवून उपयोग होत नाही, असे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी ११ गावांतील ६१८ कुटुंबांशी बोलणी केली. गावकऱ्यांनी सुमारे १,२७२ हेक्टर वन राखावे. त्या बदल्यात त्यांना वनातील कामांवर रोजगार, सरपण व चारा, आणि पुढे लाकडाच्या उत्पन्नात २५ टक्के वाटा मिळावा, असे ठरले. काही वर्षांतच ते वन पुन्हा बहरले. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने लोकसहभागाचे महत्त्व मान्य केले आणि १ जून १९९० च्या केंद्र सरकारच्या परिपत्रकानंतर संयुक्त वनव्यवस्थापनाची योजना देशभर पसरली.

मात्र या योजनेत गाव हा साहाय्यक होता. अंतिम अधिकार वनखात्याकडेच होता. २००६ साली वनहक्क कायदा संमत झाला आणि चित्र बदलले. आपल्या सामूहिक वनाचे रक्षण, संवर्धन व व्यवस्थापन करण्याचा गावाचा हक्क या कायद्याने मान्य केला. याच कायद्यात शाळेविषयीही एक तरतूद आहे. वनक्षेत्रातील गावासाठी शाळा, दवाखाना, अंगणवाडी यांसारख्या सोयी उभारावयाच्या असतील, तर प्रत्येक कामासाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन वापरता येते. त्यासाठी हेक्टरी ७५ हून अधिक झाडे तोडता येत नाहीत आणि ग्रामसभेची शिफारस आवश्यक असते. शाळा आणि वन या दोहोंना जागा आहे. मर्यादा कोठे घालावी ते गावाला विचारून ठरवावे, असा या तरतुदीचा आशय आहे.

शिक्षणाच्या बाबतीत भारताने आणखी पुढचे पाऊल टाकले आहे. २००२ सालच्या ८६ व्या घटनादुरुस्तीने ६ ते १४ वर्षे वयाच्या बालकांचे शिक्षण हा मूलभूत हक्क ठरला. त्यासाठीचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला. त्यामुळे शाळेसाठी कोणत्याही गावाने वन पणाला लावावे, अशी अपेक्षा येथे कायद्याने करता येत नाही.

महाराष्ट्रातील गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड आदिवासींच्या गावाचा अनुभव या संदर्भात बोलका आहे. वनहक्क कायद्याखाली ज्या गावांचा सामूहिक हक्क देशात सर्वप्रथम मान्य झाला, त्यांत या गावाचा समावेश होतो. २००९ साली त्याला सुमारे १,८०० हेक्टर वनावरील हक्क मिळाला आणि २०११ पासून आपल्या वनातील बांबू विकण्याचा मार्ग ग्रामसभेला मोकळा झाला. तेथील निर्णय बहुमताने न होता सर्वसहमतीने होतात. त्यापूर्वी अनेक वर्षे गावाने ‘अभ्यासगट’ चालविले होते. कायदे काय सांगतात, वनात कोणती झाडे आहेत, किती कापावे आणि किती राखावे, यांवर ग्रामस्थ एकत्र बसून चर्चा करीत. देवाजी तोफा यांच्यासारखे गावातील नेते आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे कार्यकर्ते या अभ्यासातून घडले आणि त्यांनी गावालाही घडविले. येथे शिक्षण हे वनरक्षणाचे बक्षीस नव्हते. प्रौढ माणसांनी एकत्र येऊन केलेला अभ्यास हेच वनरक्षणाचे साधन होते.

सार

फालेआलुपो, अराबारी आणि मेंढा (लेखा) ही तीन ठिकाणे परस्परांपासून फार दूर आहेत. त्यांच्या भाषा, चालीरीती आणि कायदे वेगळे आहेत. तथापि तिन्ही अनुभवांतून काही समान गोष्टी दिसतात. वन राखणाऱ्यांना त्याचा प्रत्यक्ष लाभ मिळाला पाहिजे. रोजच्या गरजांपुरता वनाचा वापर चालू राहिला पाहिजे. निर्णय खुल्या सभेत झाला पाहिजे. ज्यांच्यावर नियमांचा भार पडतो, त्यांचा आवाज त्या निर्णयात असला पाहिजे.

अरण्यकाठच्या माणसाला वनाविषयी उपदेश करणे सोपे असते. त्याच्या मुलांच्या शिक्षणाचा, घरातील आजारपणाचा आणि उद्याच्या भाकरीचा विचार करणे अवघड असते. पण वनाचे रक्षण खऱ्या अर्थाने तेथूनच सुरू होते. फालेआलुपोच्या लोकांना कोणी अरण्यावर प्रेम करावयास शिकविले नाही. ते प्रेम त्यांच्यापाशी होतेच. शाळेच्या चिंतेतून मोकळे होताच त्यांनी ते कृतीत आणून दाखविले.